एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न

तोंडी विचारलं तर उत्तर बरोबर, पण वही उघडली की सगळा गोंधळ. गोष्ट ऐकली तर ती रंगवून सांगतो, हिशेब डोक्यातल्या डोक्यात करतो, पण लिहायला बसवलं की 'सर'चा 'रस' होतो, काना-मात्रा गळतात आणि जोडाक्षरांची तर पार दैना उडते. असा एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्यापैकी बहुतेकांच्या वर्गात कधी ना कधी येऊन गेलेली असते. आपण काय करतो? आधी समजावतो, मग पाच-पाच वेळा लिहायला लावतो, मग रागावतो. शेवटी त्याच्या नावापुढे मनातल्या मनात एक अक्षर लिहून मोकळे होतो: 'ढ'.

मार्च १८९६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात मार्गारेट मॅग्वायर नावाच्या शिक्षिकेपुढे असाच एक विद्यार्थी होता. वय चौदा वर्षं. बोलण्यात, विचार करण्यात तो इतर मुलांपेक्षा कमी नव्हता, पण त्याला शब्द धड लिहिता येत नसत. मॅग्वायरबाईंनी त्याच्यावर 'ढ'चा शिक्का मारला नाही. त्या वेळी त्या पेनसिल्व्हानिया विद्यापीठात मानसशास्त्राच्या वर्गाला जात असत. वर्ग घेणारे प्राध्यापक होते लाइट्नर विट्मर. बाईंनी या मुलाची हकिकत त्यांच्यापुढे मांडली. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की मनाचं शास्त्र आम्ही तुमच्याकडे शिकतो आहोत. मग या मुलासाठी काय करायचं ते या शास्त्राला सांगता येईल का?

शाळेतल्या मुलांना मानसिक पातळीवर मदत करण्याचा जो इतिहास आज सांगितला जातो, त्याचं एक महत्त्वाचं पान या प्रश्नापासून सुरू होतं. ते एखाद्या इस्पितळात किंवा कायदेमंडळात उघडलं नाही. एक शिक्षिका आपल्या वर्गातल्या एका मुलामुळे अस्वस्थ झाली, तिथे ते उघडलं.

शास्त्राची परीक्षा

विट्मर तेव्हा तिशीही न गाठलेले तरुण प्राध्यापक होते. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांच्या प्रसिद्ध प्रयोगशाळेत शिकून, १८९२ साली डॉक्टरेट मिळवून ते आले होते. त्या काळचं मानसशास्त्र म्हणजे प्रयोगशाळेतलं मोजमाप. दिवा लागल्यापासून बटण दाबेपर्यंत किती वेळ गेला, दोन वजनांमधला किती फरक हाताला कळतो, अशा गोष्टी त्यात बारकाईनं तपासल्या जात. हे सगळं होई ते धडधाकट प्रौढ माणसांवर, आणि बहुधा मानसशास्त्राच्याच अभ्यासकांवर! शुद्धलेखनात अडकलेल्या मुलाचं काय करायचं, हे कोणत्याही पुस्तकात नव्हतं.

विट्मर यांनी तो मुलगा नाकारला नाही. मानसशास्त्राला काही किंमत असेल, तर अशा मुलाच्या बाबतीत शिक्षकाला त्याची मदत व्हायलाच हवी, असं त्यांना वाटलं. पुढे १९०७ साली त्यांनी हे लिहून ठेवलं. आपल्याला मार्ग दाखवणारी तत्त्वंच उपलब्ध नव्हती, त्यामुळे मुलांचा थेट अभ्यास करत करत पद्धत बनवावी लागली, हेही त्यांनी मोकळेपणानं सांगितलं.

त्यांनी सुरुवात केली ती अगदी साध्या गोष्टीपासून. मुलाला नीट दिसतं का? तपासणीत डोळ्यांचा दोष निघाला. त्यासाठी चष्मा दिला गेला. पण चष्म्यानं शुद्धलेखन आपोआप सुधारलं नाही. म्हणून नेमानं, वैयक्तिक शिकवणी सुरू झाली आणि त्यात मॅग्वायरबाईंचा मोठा वाटा होता. मुलात हळूहळू सुधारणा दिसू लागली.

आज मागे वळून पाहताना विट्मर यांचा तर्क आपल्याला अपुरा वाटतो. अडचण शब्दाचं चित्र डोळ्यांपुढे न राहण्यात आहे, असं त्यांचं मत होतं. गेल्या काही दशकांच्या संशोधनानुसार वाचन-लेखनाच्या अशा बहुतेक अडचणींचं मूळ डोळ्यांत नसतं. शब्दातले आवाज सुटे करणं आणि ते अक्षरांशी जोडणं या मुलांना जड जातं. पण विट्मर यांच्या कामाचा क्रम आजही तोच आहे. आधी डोळे आणि कान तपासा, मग अडचण नेमकी कुठे आहे ते शोधा, मग तिथेच नेमून शिकवा आणि काय बदललं त्याची नोंद ठेवा.

उशिरा मिळालेली मदत

हा मुलगा भेटण्याच्या काही वर्षं आधी विट्मर स्वतः एका शाळेत शिकवत होते. तिथे विद्यापीठाच्या प्रवेशाची तयारी करणारा एक विद्यार्थी होता. त्याचं इंग्रजी फार कच्चं होतं. लिहिताना तो शब्दांचे शेवट गाळायचा. विट्मर यांनी बारकाईनं पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की तो ते शेवट बोलतानाही नीट उच्चारत नाही आणि दुसऱ्यानं उच्चारले तरी त्याला त्यांच्यातला फरक कळत नाही. वरवर पाहता निष्काळजीपणा, पण मुळात अडचण ऐकण्या-बोलण्यातली होती. विट्मर यांनी त्याच्यावर मेहनत घेतली आणि त्याचा उपयोगही झाला. तरी लहानपणीच योग्य उच्चार-शिक्षण मिळालं असतं तर या मुलाची अडचण पुष्कळशी दूर झाली असती, ही रुखरुख त्यांच्या मनात राहिली.

'लवकर' हा शब्द या क्षेत्रात पुढे इतका महत्त्वाचा का झाला, ते इथे दिसतं. दुसरीतल्या मुलाची अडचण ही फक्त वाचनाची अडचण असते. सातवीपर्यंत तिच्यावर थर चढतात. शिक्षकांची बोलणी, घरचा मार, मित्रांचं हसणं आणि 'मला येतच नाही' ही मनात बसलेली खात्री. मग मूल वर्गात दंगा करू लागतं, शाळा बुडवतं किंवा अगदी गप्प होतं. आपल्यापुढे येतो तो हा वरचा थर आणि आपण त्यालाच मूळ दुखणं समजतो.

विट्मर यांनी १८९६ सालीच विद्यापीठात मुलांसाठी तपासणी आणि उपचाराचं केंद्र सुरू केलं. जगातलं हे पहिलं मानसशास्त्रीय चिकित्सालय मानलं जातं. १८९७ च्या उन्हाळ्यात शिक्षकांसाठी वर्ग घेऊन त्यांनी तिथे प्रत्यक्ष मुलांच्या तपासणीची प्रात्यक्षिकं दाखवली. १९०७ मध्ये त्यांनी या विषयाचं नियतकालिक काढलं आणि आपल्या कामाला 'क्लिनिकल सायकॉलॉजी' हे नाव दिलं. आज हा शब्द आपल्याला दवाखान्याची आठवण करून देतो. त्याचा जन्म मात्र शाळेच्या दारात झाला आहे.

शाळेचं दार सर्वांना उघडलं तेव्हा

हे सगळं याच काळात का घडलं? अशी मुलं आधीच्या काळात नव्हती का? होती. पण ती शाळेत टिकत नव्हती. शेतावर, गिरणीत, घरकामात ती जात आणि तिथे त्यांना शुद्धलेखन कोणी विचारत नसे. फ्रान्समध्ये १८८२ साली आणि पेनसिल्व्हानिया राज्यात १८९५ साली शिक्षण सक्तीचं झालं. सगळी मुलं एका वर्गात येऊन बसली, तेव्हा मुलं एकाच पद्धतीनं, एकाच वेगानं शिकत नाहीत हे शाळेला प्रथमच दिसलं.

फ्रान्समध्ये या प्रश्नाला निराळं वळण मिळालं. साध्या वर्गात ज्यांची प्रगती होत नाही, अशा मुलांसाठी काय करावं हे ठरवायला तिथल्या सरकारनं १९०४ साली एक आयोग नेमला. त्यात आल्फ्रेड बिने हे मानसशास्त्रज्ञ होते. बिने यांना एक गोष्ट खटकत होती. एकाच मुलाला एक डॉक्टर एका प्रकारात बसवत आणि दुसरा दुसऱ्या. शिक्षकाच्या मतात आवडनिवड मिसळलेली असे. म्हणून बिने आणि त्यांचे सहकारी तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली तीस छोट्या कृतींची एक चढती मालिका तयार केली. ऐकलेले आकडे पुन्हा म्हणणं, दोन रेघांतली लांब कोणती ते सांगणं, ओळखीच्या वस्तूचा अर्थ सांगणं अशा त्या कृती होत्या. बुद्धिमापनाची ही सुरुवात.

बिने यांचा हेतू मुलांना बाहेर काढण्याचा नव्हता. कोणाला जास्त मदत लागेल हे ओळखण्याचा होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे, या मताला त्यांनी १९०९ च्या आपल्या पुस्तकात कडाडून विरोध केला. अशा मुलांच्या वर्गासाठी त्यांनी मनाचे व्यायाम सुचवले होते. ठरलेला वेळ पुतळ्यासारखं निश्चल उभं राहायचं, किंवा फळ्यावर मांडलेल्या वस्तू क्षणभर पाहून नंतर आठवून लिहायच्या. खेळच ते, पण त्यातून लक्ष देण्याची सवय लागे. आधी शिकायचं कसं ते शिकवू या, असा त्यामागचा विचार.

१९११ मध्ये बिने वारले. त्यांची मोजपट्टी पुढे अमेरिकेत गेली आणि तिथे तिचा अर्थच बदलला. १९१२ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी सगळ्या कसोट्यांचं सार एका भागाकारात आणलं. तो पुढे 'आय. क्यू.' म्हणून रूढ झाला. मूल म्हणजे एक आकडा, आणि तो आकडा कायमचा, असं मानण्याची चाल पडली. त्याच्या आधारे मुलांना वेगळं काढलं गेलं आणि हलकं लेखलं गेलं. ज्या साधनानं मदतीची गरज शोधायची, त्यानंच मदत नाकारण्याचं निमित्त मिळालं. 'ढ' हे अक्षर पुसलं गेलं खरं, पण त्या जागी दोन-तीन आकडी संख्या लिहिली गेली.

आपल्याकडेही ही मोजपट्टी आली. धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बिने यांच्या कसोट्यांचं रूपांतर केलं. त्यांचं पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झालं. परदेशी मुलांसाठी रचलेले प्रश्न जसेच्या तसे आपल्या मुलांना विचारता येत नाहीत, या जाणिवेतून झालेलं हे काम होतं.

मुलाच्या मागे त्याचं घर

तिसरा धागा शिकागोमधून आला. तिथे १८९९ मध्ये लहान मुलांसाठी वेगळं न्यायालय सुरू झालं होतं. तीच ती मुलं पुन्हा पुन्हा तिथे का येतात, हे शोधण्यासाठी १९०९ साली विल्यम हीली या डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली एक संस्था सुरू झाली. हीली यांनी एकेका मुलाचा स्वतंत्र अभ्यास केला. शरीराची तपासणी, मानसशास्त्रीय कसोट्या, घरची परिस्थिती आणि मुलाची स्वतःची बाजू हे सगळं एकत्र ठेवून ते विचार करत. प्रत्येक मुलाची कारणं वेगळी निघत. गुन्हेगारी रक्तातच असते, या त्या काळच्या लाडक्या समजुतीला त्यांच्या नोंदींनी धक्का दिला.

याच सुमाराला, १९०६-०७ पासून, न्यूयॉर्क, बॉस्टन आणि हार्टफर्ड या शहरांत 'व्हिजिटिंग टीचर' म्हणजे घरभेटी देणाऱ्या शिक्षिका काम करू लागल्या होत्या. मूल वर्गात झोपतं. का, ते त्याच्या घरी गेल्यावर समजे. शाळा आणि घर यांच्यामधली ही पायवाट होती. पुढे १९२० च्या दशकात कॉमनवेल्थ फंड या अमेरिकन धर्मादाय संस्थेनं या कामाला मोठा निधी दिला. १९२२ मध्ये सेंट लुईस इथे पहिलं प्रात्यक्षिक बालमार्गदर्शन केंद्र सुरू झालं, आणि निरनिराळ्या तीस ठिकाणी अशा शिक्षिका नेमल्या गेल्या. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता अशी तिघांची जोडणी या केंद्रांत रूढ झाली.

ही कल्पना लवकरच मुंबईत पोचली. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन गृहस्थ नागपाड्यात वस्तीकार्य करत होते. त्यांच्या पुढाकारानं १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. या संस्थेनं १९३७ मध्ये मुंबईत बालमार्गदर्शन केंद्र काढलं. भारतातलं हे पहिलं केंद्र मानलं जातं. म्हणजे मुलांच्या मनाची काळजी घेण्याचं हे काम आपल्याकडे काल-परवा आलेलं नाही. मात्र त्याचा प्रसार फार सावकाश झाला आणि बराच काळ ते मोठ्या शहरांपुरतंच राहिलं.

गप्प बसणारं मूल

या इतिहासातला एक अभ्यास प्रत्येक शिक्षकानं माहीत करून घ्यावा असा आहे. ई. के. विकमन यांनी तो १९२८ साली प्रसिद्ध केला. त्यांनी मुलांच्या वागण्यातल्या पन्नास गोष्टींची यादी केली आणि प्रत्येक गोष्ट किती गंभीर वाटते ते विचारलं. उत्तरं देणाऱ्यांत ५११ शिक्षक होते आणि बालमार्गदर्शनाच्या क्षेत्रातले ३० तज्ज्ञ होते.

दोन्ही गटांची उत्तरं समोरासमोर ठेवल्यावर चित्र विलक्षण दिसलं. शिक्षकांच्या यादीत वर होतं ते चोरी, खोटं बोलणं, शाळा बुडवणं, उद्धटपणा, शाळेच्या वस्तूंची नासधूस. तज्ज्ञांच्या यादीत वर होतं ते एकलकोंडेपणा, संशयी वृत्ती, उदास असणं, घाबरणं, लगेच धीर सोडणं. लाजरेपणा, दिवास्वप्नात रमणं अशा गोष्टी शिक्षकांना फारशा चिंतेच्या वाटल्या नव्हत्या. दुसऱ्याला छळणं मात्र दोघांनाही गंभीर वाटलं.

थोडक्यात, वर्गाला त्रास देणारं मूल शिक्षकाला दिसत होतं. ज्या मुलाला स्वतःलाच त्रास होत होता, ते नजरेतून सुटत होतं.

हा निष्कर्ष शिक्षकांना बोचला आणि त्यावर टीकाही झाली. टीका रास्त होती. विकमन यांनी दोन्ही गटांना एकच प्रश्न विचारला नव्हता. शिक्षकांनी आत्ता वर्गात ही गोष्ट किती अडचणीची आहे ते पटकन सांगायचं होतं, तर तज्ज्ञांनी मुलाच्या पुढच्या आयुष्याचा विचार करायचा होता. प्रश्न वेगळे असले की उत्तरं वेगळी येणारच. नंतरच्या अनेक अभ्यासांत दोन्ही गटांतलं अंतर कमी झालेलं आढळलं. विज्ञानात असंच होतं; एखादं ठळक वाक्य पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं जातं आणि मग त्याची धार तपासली जाते. तरीही या अभ्यासाचा मुख्य इशारा टिकून राहिला. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात जो शांत बसतो तो चांगला विद्यार्थी, असं मानण्याचा मोह आपल्यालाही होतो. गप्प बसणं हे समाधानाचं लक्षण असतं तसं ते दुःखाचंही असू शकतं, याकडे विकमन यांनी बोट दाखवलं होतं.

आपल्या वर्गापर्यंत

शिक्षणाचा हक्क देणारा कायदा आपल्याकडे २०१० पासून अमलात आला. शाळेचं दार सर्वांना उघडलं की काय दिसू लागतं, ते फ्रान्स आणि पेनसिल्व्हानियाच्या उदाहरणात आपण पाहिलंच. महाराष्ट्रात १९९० च्या दशकापासून अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अक्षमतेचा स्पष्ट समावेश झाला. २००७ सालच्या 'तारे जमीन पर' या चित्रपटानं हा विषय घराघरात पोचवला. कोविडच्या काळात, जुलै २०२० मध्ये, केंद्र सरकारनं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी 'मनोदर्पण' हा उपक्रम सुरू केला.

एवढं असूनही गावातल्या शाळेपासून तज्ज्ञ पुष्कळदा लांब असतो. मग शिक्षकानं काय करायचं? आपण निदान करायचं नाही. 'हा डिस्लेक्सिक आहे', 'हिला नैराश्य आहे' असं म्हणणं म्हणजे 'ढ'च्या जागी नवा, जरा भारदस्त शिक्का मारणं. पण मॅग्वायरबाईंनी केलं ते आपल्याला करता येतं. त्यांनी मुलाचं वर्णन केलं. त्याला काय येतं, काय येत नाही, कुठे अडतं ते बारकाईनं पाहिलं आणि सांगितलं. 'अभ्यासात मागे आहे' या शेऱ्यातून कोणालाच काही कळत नाही. 'गोष्ट तोंडी सांगतो, पण तीच लिहिताना जोडाक्षरं गाळतो. फळ्याजवळ बसवल्यावरही तसंच होतं' या नोंदीतून डॉक्टरला, समुपदेशकाला आणि आपल्या स्वतःलाही पुढची वाट दिसते. तज्ज्ञ यायचा तेव्हा येईल. तोपर्यंत ही नोंद आपल्या हातात आहे.

शेवटी एक छोटा प्रयोग. आज शाळा सुटल्यावर हजेरीपट न पाहता आपल्या वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं एका कागदावर लिहा. आधी हुशार मुलं आठवतील, पाठोपाठ दंगेखोर. मग हात थांबेल. आता हजेरीपट काढून ताडून पाहा. जी नावं राहून गेली, त्यांच्यापैकी एकाशी उद्या मधल्या सुट्टीत पाच मिनिटं बोला. अभ्यासाबद्दल नको, आणखी कशाबद्दलही चालेल. आणि त्यानं जे सांगितलं ते घरी गेल्यावर दोन ओळींत लिहून ठेवा.